नुकसानीची पातळी

कपाशीच्या शेतात कीड कधी मारायची याचा हिशेब ठरलेला असतो. पानामागे सरासरी दोन-तीन तुडतुडे दिसले की फवारणीचा विचार करायचा. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले की कामाला लागायचं. त्याहून कमी असतील तर हात आवरायचा, कारण तेवढ्या किडीने होणाऱ्या नुकसानीपेक्षा औषधाचा आणि मजुरीचा खर्च जास्त होतो. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांमध्ये याला ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ म्हणतात. १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी ही कल्पना नीट मांडली. कीड समूळ संपवायच्या मागे लागू नका, तिला एका रेषेखाली ठेवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डीडीटीच्या त्या दिवसांत ते अनेकांच्या पचनी पडणं अवघडच होतं.

माझ्या गच्चीवर १९ बोन्साय आहेत. त्यातल्या लिंबाची पानं परवा मोजली, ६४ भरली. अशा झाडाला पानामागे दोन-तीनचा हिशेब कसा लावायचा? पैशांत बोलायचं तर बोन्सायचं उत्पन्न शून्य, म्हणजे कुठलीही फवारणी तोट्याचीच. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर वीस-पंचवीस वर्षं वळण देऊन तयार केलेली एखादी फांदी वाळली, तर ती बाजारात विकत मिळत नाही. म्हणजे इथली रेषा कुणी आखून दिलेली नाही. ती ज्याची त्याने, झाडागणिक आखायची.

त्यासाठी आधी दिसायला हवं. शेतकऱ्याला एकरभर रान बघायचं असतं, आपल्याला हातभर झाड. पण हातभर झाडाकडेही आपण लांबूनच, कौतुकाने बघतो, आणि कौतुकाच्या नजरेला कीड दिसत नाही. माझ्याकडे घड्याळजी वापरतात तसलं १० पट मोठं दाखवणारं भिंग आहे. सकाळी पाणी घालताना रोज दोन-तीन झाडांची तपासणी होते. पानाची मागची बाजू, फांदी जिथे फुटते ती खाच, खोडाचा मातीजवळचा भाग, आणि शेवटी कुंडी उचलून तळाची भोकं. किडीचे चार आवडते पत्ते आहेत, ते हेच.

काही किडी समोर असून ओळखू येत नाहीत. खवले कीड फांदीवर अशी चिकटून बसते की ती सालीचाच फुगवटा वाटावा. तिला पाय दिसत नाहीत, ती हलत नाही. नखाने खरवडलं आणि फुगवटा सुटून खाली ओलसर डाग राहिला, तर ती कीड. हिची फक्त नुकती जन्मलेली पिल्लं रांगतात, आणि तेवढेच दिवस ती साबणाच्या पाण्याला किंवा निंबोळी तेलाला बळी पडतात. एकदा का कवच आलं की वरून काहीही फवारा. म्हणून खवल्यांसाठी जुना दातांचा ब्रश, आणि दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारणी, असं तीन-चार वेळा. एका फवारणीत काम झालं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याकडे महिन्याभरात पुढची पिढी बसलेली असते.

लाल कोळी त्याच्या उलट. तो इतका बारीक की त्याचं काम आधी दिसतं आणि तो नंतर. पानांवर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, पान धुरकट. अशा फांदीखाली पांढरा कागद धरायचा आणि फांदीवर टिचकी मारायची. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, बोटाने दाबल्यावर रेघ उमटली, की कोळी. हा कीटक नव्हेच, आठ पायांचा, कोळ्यांच्या कुळातला. आपल्याकडे मार्च ते मे हा त्याचा हंगाम. कोरड्या उन्हाळ्यात याची पिढी आठवड्याभरात तयार होते. उपाय मात्र स्वस्त आहे. सकाळी पाण्याची जोरदार धार पानांच्या मागून मारायची, दोन-तीन दिवसांआड.

नांदरुखीवर, म्हणजे नर्सरीत ‘फायकस’ म्हणून विकतात त्यावर, फुलकिडे येतात. कोवळं पान मधल्या शिरेवर मिटतं, पुस्तक मिटावं तसं, आणि त्यावर जांभळट-लाल ठिपके पडतात. उघडून बघितलं तर आत काळे, बारीक, सुतासारखे किडे आणि त्यांची पिल्लावळ. बाहेरून मारलेलं औषध मिटल्या पानात शिरतच नाही. तिथे कात्री हेच औषध. मिटलेली पानं कापायची, पिशवीत बंद करून टाकून द्यायची. नांदरुख धट्टीकट्टी असेल तर वाढीच्या दिवसांत तिची सगळी पानं कापली तरी ती पुन्हा फुटते. पानं लहान यावीत म्हणून बोन्साय करणारे हे मुद्दाम करतातच. इथे वळण देणं आणि कीड काढणं एकाच कात्रीत होतं.

आणि मग पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा अडकल्यासारखा दिसणारा, पानाच्या बेचक्यात बसून रस पिणारा. थोडे असतील तर कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेकाला टिपता येतं. अंगावरचं मेण विरघळतं आणि तो मरतो. हा रस पितो आणि उरलेली साखर चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतो. चिकट्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते, आणि चिकट्यासाठीच मुंग्या येतात.

मुंग्या झाडाला थेट फारसा त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पण मावा आणि पिठ्या ढेकूण ही त्यांची दुभती जनावरं. त्यांना खायला ढालकिडे आले की मुंग्या त्यांना हुसकावतात. त्यामुळे एखाद्या झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की मुंग्यांच्या मागोमाग नजर न्यायची, त्या किडीपर्यंत नेऊन पोचवतात. माझ्या आजीच्या फडताळाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत. माझ्या बोन्सायच्या मांडवाखालीही आहेत. आजीला दूध वाचवायचं होतं, मला ढालकिडे. वाट्यांमध्ये डास होऊ नयेत म्हणून दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं, एवढंच.

ढालकिड्यांसारख्या पाहुण्यांचं महत्त्व किती, हे पपईवरच्या पिठ्या ढेकणाने आपल्या देशाला दाखवलं. २००८ साली तो कोइम्बतूरकडे पहिल्यांदा आढळला आणि पुढच्या दोन वर्षांत पपई, तुती, जास्वंद यांचा फडशा पाडत महाराष्ट्रापर्यंत पोचला. परदेशातून येताना तो आपले शत्रू मागेच ठेवून आला होता. औषधांनी तो आटोपला नाही. २०१० साली त्याचा शत्रू, एक चिमुकली गांधीलमाशी, पोर्तो रिकोहून मागवून बंगळुरूत वाढवली आणि सोडली, तेव्हा तो ओसरला. नामशेष झाला नाही, रेषेखाली गेला.

गच्चीवरच्या झाडांची अडचण तिथेच आहे. जमिनीतल्या वडाला किडी असतात आणि त्या किडींचे शत्रूही असतात. धो धो पाऊस पानं धुऊन काढतो, मुळांना हवं तिकडे जाता येतं. उथळ कुंडीतल्या वडापाशी यातलं काहीच नाही. किडीला मात्र तिसऱ्या मजल्यावर यायला अडचण नसते. बहुतेक वेळा आपणच तिला आणतो, नव्या रोपाबरोबर.

याचे मोठे दाखले आहेत. टोकियो शहराने वॉशिंग्टनला भेट म्हणून पाठवलेली चेरीची २००० झाडं १९१० साली तिथे पोचली. तपासणीत त्यांच्यावर खवले कीड, खोडकिडे, मुळांवर सूत्रकृमी असं बरंच काही निघालं, आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या संमतीने ती सगळी जाळली गेली. दोन देशांतला तो मोठाच अवघड प्रसंग होता. १९१२ मध्ये पुन्हा ३०२० झाडं आली, तीच आजची प्रसिद्ध चेरी. १९७६ साली अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने ५३ बोन्साय दिले. त्यात हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेला एक पाइनही होता. पण त्यांनाही आधी विलगीकरणात राहावं लागलं. २००१ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टकविला गावी कोरियाहून आलेल्या मेपलच्या बोन्सायमधून लांब मिशांचे खोडकिडे बाहेर पडले. ते उडून गेले असतील या भीतीने आसपासची हजारेक झाडं तोडावी लागली. वीतभर झाडाच्या खोडात लपून आलेल्या किड्याने एवढं केलं.

म्हणून माझ्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एक कोपरा आहे. नवं झाड, मग ते कुणाकडूनही येवो, महिनाभर तिथे राहतं. गावाला जाणारे शेजारी आपली झाडं माझ्याकडे ठेवून जातात, त्यांनाही हाच नियम.

समोरच्या इमारतीतल्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे बंगळुरूला जाणार होत्या, सहा-आठ महिन्यांसाठी. त्यांचा वड माझ्याकडे आला तो जानेवारीत. सदाशिव पेठेतला वाडा पाडायच्या आधी त्याच्या भिंतीच्या फटीतून काकूंच्या यजमानांनी ते रोप उपटून आणलं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी. वाडा गेला, यजमानही गेले. झाड दोन फूट उंच, मातीपर्यंत पोचलेल्या चार पारंब्या, खोड मनगटाहून जाड. पानं जराशी पिवळट होती, पण हिवाळ्यात वड तसा मलूल असतोच. फांद्यांवर, पानांमागे भिंगाने शोधलं, काही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात कुंडीच्या तळाच्या भोकातून मुंग्या जाताना दिसल्या. झाड उचललं. मुळांचा गोळा इतका घट्ट झाला होता की इडलीसारखा सुटून आला. कडेच्या मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पूड होती.

पांढरं दिसलं की लगेच घाबरायचं नसतं. झाडाच्या उपयोगाची बुरशीही मुळांभोवती पांढरी दिसते. पण ती धाग्यांची असते आणि तिला अळंबीचा, ओल्या जमिनीचा वास येतो. ही पूड मेणचट होती, तिच्यावर पाण्याचा थेंब ठरत नव्हता. भिंगाखाली तिच्यात तांदळाच्या कणीहून बारीक जीव सावकाश सरकत होते. मुळांवरचा पिठ्या ढेकूण. वरून कितीही बघा, दिसत नाही.

काकूंना फोन केला.

“अगं बाई! म्हणून पानं पिवळी पडत होती होय. मला वाटलं, माझं पाणी कमी पडतंय. गुडघ्यामुळे रोज गॅलरीत उभं राहवायचं नाही ना.”

“काकू, दोन्ही खरं आहे. माती अर्धवट कोरडी राहिली की त्यांना फावतं.”

“मग आता?”

रस्ते दोन होते, आणि दोन्ही अडचणीचे. एक म्हणजे मुळं पूर्ण धुऊन, तिसरा हिस्सा कापून, नव्या मातीत लावणं. वडासाठी हे उत्तम, पण जून-जुलैत. जानेवारीत पुण्याची रात्र १० अंशांपर्यंत उतरते. मुळं कापलेला वड अशा थंडीत नवी मुळं टाकत नाही, कुजू शकतो. दुसरा रस्ता म्हणजे अंतरप्रवाही औषध. मातीत ओतायचं, मुळं ते पिऊन घेतात, झाडाचा रसच विषारी होतो, आणि रस पिणारी कीड मरते. खरं सांगायचं तर ते सोपं होतं.

औषधाच्या दुकानात इमिडाक्लोप्रिड मागितलं तर कुणी काही विचारत नाही. “ताई, छोटी बाटली देऊ?” एवढंच. तीच औषधं ज्या हातांनी एकरी फवारली जातात, त्यांचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. तिथे वेगवेगळी औषधं होती, मिश्रणं होती, उंच वाढलेली कपाशी होती. पण माझ्या हौसेच्या झाडासाठी ते शेल्फ उघडताना ती माणसं मला आठवतात. इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं फुलांच्या मधात आणि परागात उतरतात, म्हणून युरोपीय संघाने २०१८ साली अशा तिघांचा उघड्यावरचा वापर बंद केला. शिवाय ती कोळ्यांना मारत नाहीत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात खोडकिड्यांच्या भीतीने एल्मच्या झाडांना हे औषध दिलं, तर त्यांच्यावर कोळ्यांचं पेव फुटलं. कोळ्यांना खाणारे कमी झाले, आणि औषध प्यालेल्या झाडांवर कोळ्यांची वीणही वाढली. एल्म ही बोन्सायवाल्यांचीही आवडती जात आहे.

तरीही झाड माझं नव्हतं. दोन्ही रस्ते काकूंना सांगितले.

“तुझ्या त्या मांडवाखाली पुदिना आहे ना?” त्यांनी विचारलं.

“आहे. आणि जास्वंद.”

“म्हणजे वडाचं पाणी निथळून त्यातच जाणार. जास्वंदीवर शिंजीर येतो ना गं तुझ्याकडे? नको ते औषध.”

“मग जूनपर्यंत थांबावं लागेल, काकू. तोवर झाड दगावूही शकतं.”

पलीकडे जरा वेळ शांत. “ह्यांनी भिंतीतून उपटलं तेव्हा बोटभर मूळ होतं त्याला. बघ कसं जमतंय ते.”

मग मी रेषा आखली. दर पंधरा दिवसांनी गोळा अलगद वर उचलायचा आणि एकाच बाजूची तळहाताएवढी जागा भिंगाने मोजायची. वीसपर्यंत थांबायचं. वीसच्या वर दोनदा गेली तर थंडी असो की ऊन, झाड धुऊन काढायचं. पहिली मोजणी १७ होती. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवली, मुंग्या थांबल्या. माती एकसारखी ओलसर राहील असं पाणी, कधीही कोरडं पडू न देता. किलोभर पाण्यात ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून तो अर्क पंधरवड्याला मातीत. वर निंबोळी पेंडेचा पातळ थर. निंबोळीने कीड पटकन मरत नाही. तिचं खाणं, कात टाकणं, अंडी घालणं बिघडतं. ज्याला उद्या सकाळी मेलेले किडे बघायचे आहेत त्याने या वाटेला जाऊ नये.

वहीतली मोजणी अशी: १७, १९, १२, १४, ९. एप्रिलच्या शेवटी वडाने निम्मी पानं टाकली. वड उन्हाळ्यात पानं टाकतो, हे मला माहीत आहे. तरी त्या आठवड्यात मी दोनदा औषधाच्या दुकानावरून गेले आणि दोन्ही वेळा फलक वाचून पुढे आले. मेमध्ये मोजणी २३ झाली. पंधरा दिवसांनी ११. 

दुसऱ्या आठवड्यात जूनचा पाऊस लागला. झाड काढलं, नळाच्या धारेखाली मुळं उघडी केली. मधल्या भागात बरीच मुळं पोकळ झाली होती, ती कापली. चारातली एक पारंबी खालून मेलेली निघाली. जुनी माती पिशवीत बांधून टाकून दिली, कुंडी उकळत्या पाण्याने घासली. विटांचे चाळलेले तुकडे, थोडी जाड वाळू, थोडं गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, असं नवं मिश्रण. मुळं कमी झाली म्हणून उरलेली पानंही कापली. पस्तीस वर्षांचं झाड नुसत्या काटक्यांचं उभं राहिलं. बाविसाव्या दिवशी एका टोकाला लालसर कोंब सुटला, आठवड्यात सात-आठ ठिकाणी.

याच दिवसांत लिंबावर एक अळी सापडली, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळी-पांढरी. फुलपाखराची. ६४ पानांच्या झाडाला ती एकटी पुरून उरली असती. चिमट्याने उचलून शेजारच्या कढीपत्त्यावर ठेवली. तो लिंबाच्याच कुळातला, पुरुषभर उंच, त्याला एका अळीचं काही वाटत नाही. एकाच अळीसाठी दोन झाडांच्या दोन रेषा.

काकूंना कोंबांचा फोटो पाठवला. पारंबी गेल्याचंही सांगितलं. त्या क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “तीन राहिल्या की. आणि ते किडे? गेले का सगळे?”

“सांगता येत नाही, काकू. सध्या दिसत नाहीत.”

“बरं. दिसले की सांग.”